पोराची पाटी कोरी नसते
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने प्राथमिक शिक्षणावर दोन शब्द बोलावे, अशी समितीची सूचना आली. आम्ही अनेक वर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवले आहे. त्यामुळे व्यासपीठावरचे भाषण करण्यापेक्षा वर्गात जे पाहिले तेच आपल्यापुढे ठेवावे असे वाटते. आजचा विषय आहे 'ज्ञानरचनावाद'. शाळेच्या पालकसभेत हा शब्द पुष्कळांनी ऐकला असेल. गुरुजी म्हणाले, आम्ही आता ज्ञानरचनावादाने शिकवतो. आपण मान हलवली आणि घरी आलो. घरी येऊन पाहिले तर वही अर्धी कोरी. मग मनात शंका येते, की शाळेत पोरं नुसती खेळतात की काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आज द्यायचे आहे.

शब्द मोठा असला तरी त्यामागचा विचार आपल्या घरातला आहे. आजवरची समजूत अशी, की गुरुजी म्हणजे भरलेला हंडा आणि मूल म्हणजे रिकामा तांब्या. हंड्यातून तांब्यात ओतायचे आणि वर्षाच्या शेवटी तांब्यात किती उरले ते मोजायचे. ज्ञानरचनावाद म्हणतो, तांब्या मुळात रिकामा नसतोच. मूल शाळेत येते तेव्हा पाच-सहा वर्षांचे जगणे सोबत घेऊन येते. त्याने काही पाहिलेले असते, काही ऐकलेले असते आणि त्यावरून स्वतःचे काही ठोकताळे बांधलेले असतात. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. विटेचा नवा थर खालच्या थरावर बसतो, हवेत बसत नाही. खालचा थर कुठे आहे, कसा आहे, हे न बघता वरून विटा फेकल्या तर भिंत होत नाही, ढिगारा होतो. मूल स्वतःच्या डोक्यात ज्ञानाची भिंत रचत असते आणि शिक्षकाने खालचा थर ओळखून पुढची वीट हाताशी द्यायची असते. एवढाच या वादाचा गाभा आहे.

चुकीच्या उत्तरामागे काय असते?

जाँ पियाजे नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १८९६, मृत्यू १९८०. तरुणपणी ते पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांवर काम करीत होते. काम साधे होते. बरोबर उत्तरे किती आणि चूक किती, ते मोजायचे. पण पियाजे चुकलेल्या उत्तरांपाशी थांबले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने का चुकतात, असा प्रश्न त्यांना पडला आणि आयुष्यभर त्यांनी त्याचाच पाठपुरावा केला. त्यांचा एक प्रयोग आपण आज रात्री घरी करून पाहू शकता. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. चार-पाच वर्षांच्या पोराला विचारा, सारखं आहे ना? ते हो म्हणेल. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातले पाणी उंच आणि अरुंद बाटलीत ओता आणि पुन्हा विचारा, आता जास्त कशात? बहुतेक मुले म्हणतील, बाटलीत. पाण्याची उंची वाढली म्हणजे पाणी वाढले, हा त्या मुलाचा हिशेब असतो. सात-आठ वर्षांचे मूल मात्र हसून सांगते की पाणी तेवढेच आहे. पाच वर्षांच्या मुलाला 'अरे तेवढेच आहे' असे दहा वेळा बजावले तर ते तोंडाने तसे म्हणेलही, पण त्याला पटलेले नसते. ते पाणी त्याने स्वतः इकडून तिकडे ओतून बघावे लागते, पुन्हा पुन्हा.

आता आपल्या वर्गातले बघू. दुसरीच्या मुलाला सांगितले, एकशे पाच लिही. त्याने लिहिले १००५. घाईत असलेला शिक्षक लाल फुली मारतो. पण त्या पोराला जवळ घेऊन विचारा, बाळा, कसं लिहिलंस? ते सांगेल, 'शंभर लिहिलं आणि पुढं पाच लिहिलं.' म्हणजे कानाला जसे ऐकू आले तसे त्याने इमानदारीने लिहिले! त्याला अंक येतात, शंभर येतो, फक्त अंकाच्या जागेची किंमत अजून कळलेली नाही. अशा वेळी जाड पुठ्ठ्याची दोन कार्डे करावीत. एका लांब कार्डावर १०० आणि एका छोट्या कार्डावर ५. छोटे कार्ड लांब कार्डाच्या शेवटच्या शून्यावर ठेवले की १०५ दिसते आणि उचलले की खालचे शून्य दिसते. चार वेळा ठेवून-उचलून पाहिले की मूल आपणहून म्हणते, 'गुरुजी, पाच त्या शून्यावर बसतो!' हे वाक्य त्याचे स्वतःचे असते, म्हणून ते टिकते.

दुसरे उदाहरण. ४२ मधून १७ वजा. मुलाने उत्तर काढले ३५. कसे काढले? 'सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.' लहान आकड्यातून मोठा जात नाही असे त्याने ऐकलेले असते, म्हणून त्याने स्वतःचा नियम केला, की मोठ्यातून लहान काढायचा. नियम चुकीचा आहे, पण तो नियम आहे. त्या पोराचे डोके चालते आहे. त्याच मुलाला दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि सतरा रुपयांचे बिस्कीट घ्यायला सांगा. एक नोट देऊन झाल्यावर ते म्हणेल, 'सात कुठून देऊ? एक नोट सुटी करून द्या.' बघा, 'दशक सुटा करणे' हे आपण फळ्यावर शिकवतो ते त्याने दुकानात केव्हाच शिकलेले आहे. फक्त फळा आणि दुकान यांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

आपल्या भाषेचीही यात एक अडचण आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी, तीन नंतर. म्हणून कितीतरी मुले त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असे वाचन 'त्रेपन्न'च्या जोडीला दिले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. भाषा मोडली, असे पुष्कळांनी म्हटले. मोठ्या माणसांना त्रेपन्न सोपे वाटते, कारण आपण ते हजारदा म्हटलेले आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्या सात वर्षांच्या पोराच्या जागी बसून पाहिले, की 'पन्नास तीन' ही पायरी कशासाठी होती ते कळते. शिकणाऱ्याच्या जागी बसून पाहणे, हे शिकवणाऱ्याचे पहिले काम आहे.

नारळ विकणारी मुले

ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ, मक्याची कणसे असा माल विकणाऱ्या गरीब घरच्या मुलांचा अभ्यास तीन संशोधकांनी केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, वय ९ ते १५. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले आणि हिशेब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव हिशेब बरोबर आले. मग त्याच मुलांना तसेच हिशेब कागद-पेन्सिल देऊन विचारले. शाब्दिक उदाहरणांत शंभरातली चौऱ्याहत्तर बरोबर आली आणि नुसत्या आकड्यांच्या उदाहरणांत शंभरातली फक्त सदतीस.

एका नारळाची किंमत ३५ क्रुझेरो. चार नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तोंडी सांगितले, तिनांचे एकशे पाच, त्यात एकाचे पस्तीस मिळवले की एकशे चाळीस. अगदी बरोबर. त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ दिले तर उत्तर आले २००. चार पंचे वीस, शून्य मांडले, हातचे दोन. ते दोन तिनात मिळवून पाच केले आणि मग पाचाला चाराने गुणले. हातचा मिळवायचा हे लक्षात होते, केव्हा मिळवायचा हे लक्षात नव्हते. पस्तीसच्या चार नारळांना दोनशे होत नाहीत, हे ज्याला दुकानात क्षणात कळले असते त्याला कागदावर कळले नाही. कारण शाळेच्या गणिताचा आपल्या अकलेशी काही संबंध असतो, हेच त्याला कुणी सांगितले नव्हते.

ही गोष्ट दूर देशाची म्हणून सोडून देऊ नका. आपल्या देशात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच, पण फार मोठा अभ्यास झाला आणि तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. निष्कर्ष तोच. बाजारातली मुले अवघड हिशेब तोंडी करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणात अडतात. आणि फक्त शाळेत जाणारी मुले शाळेचे गणित सोडवतात, पण बाजारातला हिशेब आला की गडबडतात. म्हणजे नुकसान दोघांचेही आहे.

मुलांनी बाजारात बसावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलाची जागा शाळेतच आहे. पण आईबरोबर भाजीला जाणारी, बचत गटाचा हिशेब ऐकणारी, वडिलांबरोबर कामावर जाऊन टेप धरणारी आपली मुले काही न शिकता शाळेत येत नाहीत. पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांना 'यांना काय येतंय' असेच म्हटले गेले. ज्यांनी जोडे शिवले, दोर वळले, गावाच्या शिवा आणि वाटा तोंडपाठ ठेवल्या, त्यांच्या हातातल्या विद्येला कुणी विद्या म्हटले नाही. तीच दृष्टी वर्गात राहिली, की आपले मूल 'ढ' ठरते. म्हणून ज्ञानरचनावाद हा आपल्यासाठी केवळ शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न नाही. आपल्या मुलाजवळ जे आहे ते मोजले जाणार की नाही, असा तो प्रश्न आहे.

हीच गोष्ट बोलीची. मूल म्हणते 'व्हतं', 'न्हाय', 'म्या आलो'. वर्ग हसतो. दोनदा हसला की मूल बोलायचे थांबते. आणि जे मूल बोलत नाही त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते शिक्षकाला कळणार कसे? घरची बोली आधी ऐकून घ्यावी, तिच्यात मुलाने सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहावे आणि मग शेजारी पुस्तकातले वाक्य लिहून दोन्ही वाचायला लावावे. मूल दोन्ही शिकते. एकासाठी दुसरे टाकावे लागत नाही.

गोधडी आणि बर्फ

असा वर्ग चालतो कसा, ते एका पाठावरून सांगतो. चौथीच्या मुलांना विचारावे, गोधडी गरम का लागते? सगळी मुले म्हणतात, गोधडी गरमच असते! मग विचारावे, बर्फाचा एक खडा ताटलीत उघडा ठेवला आणि तेवढाच दुसरा खडा गोधडीत गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल? जवळजवळ सगळे सांगतात, गोधडीतला. कुणाचे उत्तर खोडून न काढता प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहावा. मग करून पाहावे. काही वेळाने उघडा खडा पाणी होऊन जातो आणि गोधडीतला बराच शिल्लक असतो. पोरांचे डोळे मोठे होतात. कुणी म्हणते, गोधडी ओली होती. कुणी म्हणते, खडाच मोठा होता. बरं, पुन्हा करू. पुन्हा तेच होते.

आता खरा पाठ सुरू होतो. असे का झाले? अशा वेळी एखादे पोर म्हणते, 'बर्फवाला पण बर्फ गोणपाटात आणि भुशात ठेवतो की!' मग चर्चा पुढे जाते. गोधडी स्वतः गरम नसते. ती उष्णतेची ये-जा रोखते. आपण आत झोपलो की आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, बर्फ आत ठेवला की बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. हे सरळ पहिल्या मिनिटाला सांगता आले असते. मुलांनी वहीत लिहून घेतले असते, परीक्षेत लिहिलेही असते आणि मनात मात्र 'गोधडी गरम असते' हेच राहिले असते. अंदाज सांगणे, करून पाहणे, कारण शोधणे आणि ते दुसरीकडे लावून बघणे, अशी ही चार पावले आहेत. त्या दिवशी वहीत चारच ओळी होतात. पण त्या चार ओळी मुलाच्या असतात.

परांचीचे काम

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, नाहीतर आपल्याच मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होईल. मूल स्वतः शिकते म्हणजे त्याला मोकळे सोडून द्यायचे आणि शिक्षकाने खुर्चीत बसायचे, असा अर्थ काही ठिकाणी काढला गेला. तसं नाही.

रशियात लेव्ह व्हायगॉट्स्की नावाचे विचारवंत झाले. तेही १८९६ सालीच जन्मले आणि अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १९३४ साली क्षयाने गेले. त्यांचे म्हणणे असे, की मुलाला एकट्याने काय येते एवढेच पाहू नका. कुणी जाणत्याने थोडा हात दिला तर ते कुठवर जाते तेही पाहा. आज जे मदतीने जमते ते उद्या एकट्याने जमते. शिकवायचे ते त्या मधल्या पट्ट्यात. पुढे १९७६ साली जेरोम ब्रुनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या मदतीला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी परांची बांधली आहे. परांचीशिवाय उंच भिंत होत नाही. पण भिंत झाल्यावरही परांची तशीच ठेवत नाहीत, थोडी थोडी सोडवत नेतात. शिक्षकाची मदत अशी असावी. सुरुवातीला भरपूर, मग कमी, मग नाही.

ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, आई-वडील शिकलेले आहेत, त्या मुलाला शाळेने वाऱ्यावर सोडले तरी घरची परांची असते. आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या मुलाला शाळेचीच परांची. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ साली हेच बजावले, की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय सोडले तर शिकणे कमी होते. म्हणून अक्षरओळख, वाचन, अंकओळख यांत शिक्षकाने स्पष्ट दाखवलेच पाहिजे, सराव करून घेतलाच पाहिजे. ज्ञानरचनावादाच्या नावाखाली कुणी म्हणाले, 'मूल आपोआप वाचायला लागेल, तुम्ही घाई करू नका', आणि मूल तिसरीत जाऊनही वाचत नसेल, तर पालकांनी गप्प बसू नये.

आपल्या मातीतले काम

हा विचार परदेशातून आयता आला, असेही समजू नका. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले येत नाहीत तर शाळा कुरणावर नेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काड्या घेतल्या. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात केली. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करून अनुभवातून आणि प्रकल्पांतून शिकण्यावर भर दिला.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते हा विचार देशपातळीवर मांडला. महाराष्ट्राने २०१० मध्ये आपला आराखडा केला. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली हे प्रत्यक्ष करून दाखवले. मुलांच्या उंचीला फळे, फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्या, मणी, गोट्या घेऊन गटागटाने चाललेले काम. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगाव शाळांच्या फरश्या रंगल्या. कुठे रंगाबरोबर विचारही आला, कुठे नुसता रंग आला. फरशीवर शंभरापर्यंत अंक रंगवले पण मुलाला तोंड उघडू दिले नाही, तर तो ज्ञानरचनावाद नव्हे. उलट फरशी साधी शहाबादी असली आणि शिक्षकाने 'कसं काढलंस?' असे विचारले, तर तो वर्ग योग्य वाटेवर आहे.

बाबासाहेब आणि त्यांचे गुरू

सातारा म्हटले की आपल्याला ७ नोव्हेंबर १९०० आठवतो. त्या दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत त्यांना स्वतःचे गोणपाट अंथरून वेगळे बसावे लागले. वेगळे बसवलेल्या मुलाला कुणाशी बोलून, कुणाबरोबर हाताळून शिकायची सोयच नव्हती. ते शिकले ते या अन्यायावर मात करून.

पुढे १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. ड्यूईंनी १८९६ साली शिकागोत एक प्राथमिक शाळा काढली होती. तिथे मुले स्वयंपाक, शिवण, सुतारकाम करता करता गणित आणि विज्ञान शिकत. लोकशाही आणि शिक्षण यांच्या नात्यावरचा त्यांचा ग्रंथ १९१६ सालचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लोकशाही ही फक्त मतपेटीत नसते, ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे आणि ती वर्गात शिकावी लागते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात ड्यूईंचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. १९५२ साली ५ जूनला कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. गुरूंना भेटायची त्यांची इच्छा होती, पण ड्यूई १ जूनलाच गेले. भेट राहून गेली. ज्या विचारवंताला आजच्या ज्ञानरचनावादाचा एक आद्य पुरस्कर्ता मानतात, तो बाबासाहेबांचा गुरू होता, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पालकांच्या शंका

'मग पाढे पाठ करायचे नाहीत का?' असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. करायचे! जरूर करायचे. पाढे तोंडपाठ असले की डोके पुढच्या कामाला मोकळे राहते. फक्त कळून पाठ करावेत. सात चोक अठ्ठावीस माहीत असेल तर सात आठे म्हणजे त्याची दुप्पट, छप्पन्न, हे मुलाने मण्यांनी एकदा पाहिलेले असावे. मग विसरले तरी ते पुन्हा उभे करता येते. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी येत होती आणि ते बाजारात वापरत होते, म्हणून विसरले नाहीत.

'इंग्रजी शाळेत घालू का?' हा दुसरा प्रश्न. इंग्रजी आलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत पाया झाला तर पुढची भाषा त्यावर चढते. शिक्षण हक्क कायद्यानेही शक्यतो मातृभाषेत शिकवावे असे म्हटले आहे. शाळा कोणतीही निवडा, पण तिथे पोर प्रश्न विचारते का, ते बघून निवडा.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, घरी 'किती मार्क पडले?' विचारण्याआधी 'कसं काढलंस, मला सांग' असे विचारावे. शाळा न शिकलेली आजीसुद्धा हे विचारू शकते. मूल सांगू लागले की त्याची चूक पुष्कळदा त्यालाच सापडते. दुसरी गोष्ट, किराण्याची यादी, वीजबिल, दवाखान्याचा कागद, बसचे तिकीट मुलाच्या हातात द्या आणि वाचून घ्या. तिसरी गोष्ट, विहाराच्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासिका भरवा आणि सातवीच्या मुलीने तिसरीच्या मुलाला मदत करावी. पण एक पथ्य पाळा, लहानाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नका. इशारा द्या, उत्तर नका देऊ. समजावून सांगताना मोठ्या मुलीचेही पक्के होते.

चौथी गोष्ट कायद्याची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे आपली माणसे पाठवा. आणि तिथे जाऊन फक्त खिचडी आणि गणवेश यांवर बोलू नका. विचारा, तिसरीतली किती मुले पुस्तक वाचतात? न वाचणाऱ्यांसाठी काय चालले आहे? वर्गात मुले बोलतात का? पटसंख्या जास्त आणि शिक्षक कमी असतील तर शिक्षकांच्या बाजूनेही उभे राहा. तीन इयत्ता एकटा सांभाळणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाची विचार करण्याची रीत ओळखावी, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. त्याला वेळ आणि सोबत मिळवून देणे हे आपले काम आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाची पाटी कोरी नसते. तिच्यावर आपल्या घराने, वस्तीने, कष्टाने आधीच काही लिहिलेले असते. ते पुसून टाकून शिकवायचे की ते वाचून पुढे लिहायला शिकवायचे, यावर त्या मुलाचे पुढचे शिक्षण अवलंबून आहे. शाळेने ते वाचावे असा आग्रह आपण धरू या, आणि त्याआधी ते आपण स्वतः वाचू या.



जय भीम! नमो बुद्धाय!